जतन करताना

त्या वर्षी मी बेंचवर होते. हे सांगितलं की आमच्या क्षेत्राबाहेरच्या माणसांच्या डोळ्यांसमोर बागेतलं बाकडं येतं. तसं काही नसतं. जुना प्रकल्प संपलेला असतो, नवा मिळालेला नसतो, आणि मधल्या काळात कंपनी तुम्हाला घरी बसवून ठेवते. मोकळं मात्र सोडत नाही. लॅपटॉपवर तुमच्या नावाशेजारी एक हिरवा ठिपका असतो. थोडा वेळ हात लावला नाही की तो पिवळा होतो. कुणाचा ठिपका किती वेळ पिवळा असतो हे कुणीतरी पाहत असतं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. खरंच कुणी पाहत होतं का, ते मला आजही माहीत नाही.

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी दिवसभर त्या ठिपक्याबरोबर राहायचे. नवरा सकाळीच हिंजवडीला जायचा. भाजी फोडणीला टाकताना लॅपटॉप ओट्यावर, आंघोळीला जाताना न्हाणीघराच्या दाराशी स्टुलावर. खाली वाण्याकडे जायचं तरी जिन्यात पाय भरभर पडायचे. नागपूरहून आईचा फोन यायचा. "काय करून राहिली?" ती विचारायची. "बसून राहिली," मी म्हणायचे. तिला ते सुखाचं वाटायचं. "मग येऊन जा ना चार दिवस," म्हणायची. जाता येत नव्हतं. दर सोमवारी व्यवस्थापक बाई विचारायच्या, "काही अपडेट?" खरं तर तो प्रश्न मी त्यांना विचारायला हवा होता. शेवटी त्या एकच वाक्य बोलायच्या, "तुम्ही फक्त उपलब्ध राहा."

अशात एका सकाळी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. ते बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीच्या सभेत सगळ्यात आधी येऊन पहिल्या रांगेत बसणारे. चहा नको म्हणाले आणि मग घेतला.

"तुम्ही कॉम्प्युटरमधल्या ना?"

"टेस्टर आहे मी. प्रोग्रॅम कुठे मोडतो ते शोधायचं काम."

"वा. मग मोडलेलाच आहे, शोधायचे कष्ट नाहीत." काका एका छोट्या संस्थेचे सचिव होते. दृष्टिहीनांसाठी बोलत्या पुस्तकांचं ग्रंथालय. स्वयंसेवक पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात, आणि ती मेमरी कार्डावर घालून महाराष्ट्रभरच्या सभासदांना टपालाने पाठवतात. कोणाला काय पाठवलं, काय परत आलं, हे सगळं एका जुन्या डेटाबेसमध्ये असतं. आणि काही आठवड्यांपासून त्या डेटाबेसमध्ये बदल करून सेव्ह केलं की प्रोग्रॅमच बंद पडत होता.

"आमच्या ग्रंथपाल बाईंना दिसत नाही," काका आवाज खाली आणून म्हणाले. "हुशार आहेत, प्रश्नच नाही. पण आता वय, आणि हे यंत्र. मी बसलो तर व्यवस्थित सेव्ह होतं, त्या बसल्या की बंद. तुम्ही एकदा बघून सांगा, म्हणजे आम्हाला निर्णय घ्यायला बरं."

कसला निर्णय, ते मी विचारलं नाही. ठिपक्याला घेऊन जाता येईल का, एवढाच विचार माझ्या मनात होता. तिथे वायफाय आहे, असं काका म्हणाले, आणि मी पिशवीत लॅपटॉप घालून उठले.

ग्रंथालय आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, एका सोसायटीच्या तळमजल्यावर होतं. दोन खोल्या. आतल्या खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकून ध्वनिमुद्रणाची जागा केलेली, बाहेरच्या खोलीत कपाटं, एक टेबल, एक जाडजूड जुना संगणक आणि त्यापुढे ग्रंथपाल बाई. पन्नाशी ओलांडलेल्या, कडक इस्त्रीची सुती साडी, आखूड केस. मी दारात उभी राहिले.

"कोण आलंय?" त्या म्हणाल्या. "बोलल्याशिवाय मला कळत नाही. पावलांवरून माणूस ओळखतात ते सिनेमातले आंधळे."

मी नाव सांगितलं, काकांनी पाठवलं म्हणून सांगितलं.

"म्हणजे आपण तपासणी अधिकारी."

"नाही हो. प्रोग्रॅम का बंद पडतो ते बघायला आले."

"तेच. प्रोग्रॅम की मी, एवढंच ठरवायचंय." त्यांनी शेजारची खुर्ची हाताने ओढून माझ्याकडे सरकवली. "बसा. आपल्यासमोर मोडून दाखवते."

संगणकातून एक आवाज सतत बोलत होता. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. बाई कळफलकावर बोटं चालवत आणि त्या जिथे पोचतील तिथलं तो वाचे. पण इतक्या वेगाने, की मला तो पत्र्यावर खडे ओतल्यासारखा ऐकू येत होता. एक शब्द कळेल तर शपथ. बाईंना सगळं कळत होतं. त्यांनी लातूरकडच्या एका आजोबांची नोंद उघडली. ते आता मुलीकडे नाशिकला राहायला गेले होते, पत्ता बदलायचा होता. शेरा म्हणून एक रकाना होता. त्यात लिहिलं होतं, "युद्धाची पुस्तकं नकोत. बाईमाणसाचा आवाज चालेल, घाईचा चालणार नाही." बाईंनी नवा पत्ता टाइप केला, 'जतन करा' या बटणावर आल्या, एंटर दाबलं. चौकट जागच्या जागी नाहीशी झाली. आवाज क्षणभर थांबला, मग म्हणाला, "डेस्कटॉप."

तेवढा एक शब्द मला स्पष्ट कळला.

"झालं," बाई म्हणाल्या. "आजोबा परत लातूरला."

मग मी बसले. मला तो आवाज झेपेना म्हणून बाईंनी, काकांसाठी करतात तसा, तो बंद केला. तीच नोंद, तोच पत्ता, माउसने 'जतन करा'. व्यवस्थित जतन झालं. मी बंद करून पुन्हा उघडून पाहिलं, नाशिक होतं. मी काही बोलले नाही, पण माझं न बोलणं त्यांना ऐकू आलं असावं.

"झालं ना सेव्ह?"

"हो."

"सगळ्यांचंच होतं." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. काळा चष्मा, काचा स्वच्छ होत्या. "काकांनी ठरवलंय की संगणकासाठी एक मुलगी ठेवायची. मी फोन घ्यायचे. किती वर्षं मी हे ग्रंथालय चालवते, आणि आता कुणीतरी माझ्यासाठी वाचायचं, मी विचारायचं, तिने सांगायचं. तिला वेळ असेल तेव्हा. तिचा मोबाइल वाजला की मी थांबायचं. आपल्याला ठाऊक आहे का, कुणी वाचून दाखवेपर्यंत थांबणं म्हणजे काय असतं?"

मला ठाऊक नव्हतं. पण थांबणं ठाऊक होतं. माझ्या पिशवीत लॅपटॉप होता. मी तो काढून टेबलाच्या कडेला उघडून ठेवला आणि एका बोटाने ठिपका हिरवा केला.

"आणि हे काय?" त्यांनी आवाज ऐकून विचारलं.

मी सांगितलं. त्या हसल्या. "म्हणजे आपल्यालाही साखळी आहे तर. लांब दिसतेय जरा."

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. पहिल्यांदा सगळ्या डेटाबेसची एक प्रत काढून बाजूला ठेवली, कारण मोडणाऱ्या गोष्टीत हात घालण्याआधी हे करायचं असतं, आणि जे काही प्रयोग करायचे ते दुसऱ्या प्रतीवर. फाइलच बिघडली असेल म्हणून ती दुरुस्त करून पाहिली. बाई बसल्या, "डेस्कटॉप." एखादी ठरावीक नोंद खराब असेल म्हणून एक कोरी नोंद केली, त्यात फक्त एक अक्षर. "डेस्कटॉप." कळफलक बदलला. मराठी टाइप करण्याचं साधन काढून इंग्रजीत टाइप करायला लावलं. प्रिंटरची तार काढली. तो बोलणारा आवाज सोडून अलीकडे काय काय अद्ययावत झालं ते एकेक मागे नेऊन पाहिलं. माझ्या घरचा जुना संगणक नवऱ्याच्या गाडीत घालून आणला आणि त्यावर सगळं बसवलं. बाई बसल्या, एंटर दाबलं, "डेस्कटॉप."

तो शब्द मला घरीही ऐकू यायला लागला. कुकरची शिट्टी होऊन शांत झाली की पुढे आपोआप, "डेस्कटॉप".

प्रत्येक वेळी बाईंना सगळं पुन्हा टाइप करावं लागे. नोंद उघडायची, रकाना शोधायचा, लिहायचं, जतन, गेलं. पुन्हा. मी म्हणायचे, "आता एकदा असं करून बघू," आणि त्या काही न बोलता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. मध्येच सभासदांचे फोन यायचे. एकाला तेच पुस्तक पुन्हा गेलं होतं, कारण पाठवल्याची नोंद जतनच झाली नव्हती. "हो हो, माझ्याकडूनच राहिलं," बाई म्हणायच्या. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "तुमच्याकडून कुठे राहिलं?"

"मग काय सांगू? यंत्र ऐकत नाही म्हणून? त्यांच्या घरी कुठलं यंत्र त्यांचं ऐकतं?"

एकदा ऐन कामात मला लॅपटॉपवर ऑफिसचं बोलावणं आलं. व्यवस्थापक बाई, कॅमेरा सुरू करा म्हणाल्या. मागे कपाटं आणि गोधड्या. "आपण घरी नाही आहात का?" मी म्हटलं, घरीच आहे, आवराआवर चाललीय. ग्रंथपाल बाई शेजारी श्वास रोखून बसल्या होत्या. बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "आवराआवर! छान. पण आपण 'चाललीय' म्हणताना 'चालून राहिली' म्हणता म्हणता थांबलात. नागपूर का?"

"हो."

"लपवू नका. आमच्याकडे वऱ्हाडातले पुष्कळ सभासद आहेत. पुण्याच्या वाचकांचं वाचन त्यांना इस्त्री केल्यासारखं वाटतं म्हणे."

त्या दिवसापासून त्या मला 'अगं' म्हणायला लागल्या आणि मी त्यांना ताई.

शेवटी उरलेली एकच गोष्ट मी करून पाहिली. खरं तर ती आधीच करायला हवी होती, पण ती सुचवायला जीभ रेटत नव्हती. "ताई, स्क्रीन रीडर बंद करून एकदा सेव्ह करा."

त्यांनी बंद केला. खोली एकदम शांत झाली. रकाना कुठे आहे ते मी बोलून सांगितलं, त्यांनी टाइप केलं, मी म्हटलं, आता एंटर. प्रोग्रॅम जागचा हलला नाही. जतन झालं होतं.

म्हणजे ताई नव्हत्या, आवाज होता. मला आनंद झाला, कारण मी टेस्टर आहे आणि दोष एका बाजूला सापडला होता. तेवढ्यात काका आले. मी उत्साहाने त्यांना सांगितलं.

"मग सोपंच झालं की," काका म्हणाले. "तो आवाज बंद ठेवायचा."

काकांच्याही लक्षात आलं असावं, पण बोलून गेलेलं वाक्य परत घेण्याची त्यांना सवय नव्हती. ताई शांतपणे म्हणाल्या, "बरं. आणि आपण पण चष्मा काढून ठेवा, काका. सकाळपासून दोन्ही कानांना टोचत असेल." काका एकदा पंख्याकडे बघून निघाले. जाताना म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बैठक आहे. मुलगी ठेवायचा विषय पत्रिकेवर आहे."

ते गेल्यावर ताई म्हणाल्या, "आता त्यांच्या बाजूने पुरावा झाला. आधी नुसता संशय होता." मी मदत करायला आले होते आणि मीच दार बाहेरून लावून घेतल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "तुम्ही कसं करता ते मला शिकवा. बघणारीसारखं नाही. तुमच्यासारखं."

"पडदा बंद कर मग."

मी पडद्याचं बटण बंद केलं आणि त्यांच्या खुर्चीत बसले. आवाजाचा वेग त्यांनी कमी करून दिला, माझ्या बेताचा. माउस काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. आधी वाटलं होतं, टेस्टिंगचीच एक पद्धत. पण समोर काळी काच आणि एक आवाज, तो सांगेल तेवढंच जग. "यादी. सभासद. संपादन चौकट." मी कुठे आहे ते त्याने सांगितलं तरच कळणार; चुकून एखादी कळ दाबली गेली की आपण कुठे येऊन पडलो, कोणाच्या नोंदीत, काहीच ठाऊक नाही. मी मागे जायला लागले तर आणखी कुठेतरी गेले. मला पडदा सुरू करायचा होता. हात बटणापर्यंत गेलाही.

"घाबरू नकोस," ताई म्हणाल्या. "टॅब दाब. कुठे ना कुठे तरी पोचशील. आधी पोच, मग ठरव जायचं होतं का."

मी टॅब दाबत गेले. एक नोंद सापडली, एक अक्षर बदललं, 'जतन करा' वर आले. एंटर.

"ब—" आवाज म्हणाला, आणि तुटला. मग शांतता. मग, "डेस्कटॉप."

"ताई, हा काय म्हणाला?"

"डेस्कटॉप."

"त्याच्या आधी. 'ब' म्हणाला."

"तो तर नेहमीच म्हणतो. मरताना काहीतरी बोलायला जातो. मला वाटलं 'बंद'."

मी पुन्हा करून पाहिलं. "ब—", शांतता, "डेस्कटॉप". मी पडदा सुरू केला आणि स्क्रीन रीडर बंद करून जतन केलं. या वेळी बटणाकडे न बघता सगळ्या पडद्यावर डोळे ठेवले. खाली उजव्या कोपऱ्यात, करड्या रंगात एक छोटी पट्टी उगवली, "बदल जतन झाले", आणि पापणी लवायच्या आत विरून गेली. इतके दिवस मी ती पाहिलीच नव्हती. डोळे होते म्हणून नव्हती पाहिली. मला बटण दिसत होतं, तेवढं पुरत होतं. प्रोग्रॅम ती पट्टी दाखवून लगेच पुसत होता, आणि स्क्रीन रीडर ती वाचायला जात होता तोवर ती पुसलेली असायची. नसलेली गोष्ट वाचायला गेलेला आवाज प्रोग्रॅमलाही ओढून घेऊन पडत होता. मधल्या काळात स्क्रीन रीडरची नवी आवृत्ती आली होती. ती अशा पट्ट्या वाचायची, आधीची वाचत नसे. आधीची परत बसवायला गेले तर मराठी नीट बोलेना, आणि माझ्या शोधाचा तोही रस्ता बंद झाला.

मी हे सगळं ताईंना सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तो मला सांगत होता की काम झालं. आणि सांगता सांगता मरत होता."

त्या चष्म्याआड हात नेऊन बराच वेळ तसेच ठेवून बसल्या. मी लॅपटॉपकडे पाहिलं; ठिपका पिवळा पडला होता. राहू दिला.

आता ती पट्टी बंद करता आली की झालं. पण ती बंद करण्याची सोय प्रोग्रॅममध्ये नव्हती. ज्यांनी तो पूर्वी हौसेने बनवून दिला होता त्यांचा नंबर काकांकडून मिळाला. फोन उचलला तेव्हा मागे कोंबड्या ओरडत होत्या. त्यांनी संगणकाचं काम सोडून देऊन बरीच वर्षं झाली होती, पानशेतच्या रस्त्याला राहत होते. माणूस फार चांगला. सगळं ऐकून घेतलं. "ती पट्टी मी मुद्दाम घातली होती," ते म्हणाले. "तेव्हा तिथे टंकलेखनाला एक गृहस्थ यायचे, त्यांना दर वेळी शंका यायची की झालं का जतन. त्यांच्या समाधानासाठी. पण मूळ प्रोग्रॅम ज्या मशीनवर लिहिला ते केव्हाच भंगारात गेलं हो. आता माझ्याकडे काहीच नाही. नवीन काहीतरी घ्या ना तुम्ही."

नवीन आम्ही पाहिलंही. इंटरनेटवर चालणारं एक. ताईंनी ते उघडलं तर स्क्रीन रीडर वाचत सुटला, "बटण. बटण. बटण. चित्र. बटण." ताई म्हणाल्या, "हा तर शिंप्याकडे गेलाय."

बैठक दोन दिवसांवर आली होती. मी आशा सोडली होती, म्हणजे तोंडाने सोडली नव्हती. स्क्रीन रीडरच्या मदतीची पानं वाचत बसले होते, आणि तिथे एक साधी गोष्ट सापडली. त्याला एखाद्या प्रोग्रॅमपुरतं झोपवता येतं. दोन कळा एकत्र दाबल्या की तो गप्प होतो, पुन्हा त्याच दाबल्या की जागा. बंद करणं नाही, डोळा लागू देणं. झोपलेला असताना पट्टी आली तरी तो वाचायला जाणार नाही.

"म्हणजे झोपवायचा, सेव्ह करायचं, उठवायचा," ताई म्हणाल्या.

"हो."

"आणि मधल्या वेळात?"

"मधल्या वेळात काही ऐकू येणार नाही."

त्या कळफलकावर हात ठेवून बसल्या. ज्या बाईने आयुष्यभर त्या आवाजाला धरून काम केलं तिला मी सांगत होते की नेमक्या महत्त्वाच्या क्षणी तो सोड. प्रयोगाच्या प्रतीत मी आजोबांना परत लातूरला नेऊन ठेवलं होतं; त्यांनी पत्ता पुन्हा नाशिकचा केला, बटणावर आल्या आणि आवाज झोपवला. खोलीत वरच्या मजल्यावरच्या मिक्सरचा आवाज येत होता. त्यांनी एंटर दाबलं. पट्टी येऊन जायला वेळ द्यायचा म्हणून ग्रंथालयाचा पत्ता त्या तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या, पिनकोडपर्यंत, सावकाश. मग आवाजाला उठवलं.

"सभासद. संपादन चौकट. नाशिक," आवाज म्हणाला.

ताईंनी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडलं. नाशिक. दुसरी नोंद केली. तिसरी. दर वेळी पत्ता म्हणत होत्या, जपासारखा. एवढ्यात फोन वाजला तर त्यांनी पहिल्यांदाच मला म्हटलं, "घे गं तो."

बैठकीला मी गेले नाही; मी संस्थेची कोणी नव्हते. ताईंनी नंतर सांगितलं. विश्वस्त आले, काकांनी विषय मांडला, आणि ताईंनी त्यांना संगणकापाशी उभं करून नोंद बदलून दाखवली. आवाज झोपवला तेव्हा एक जण म्हणाले, "बंद पडला वाटतं." ताईंनी त्यांना शांत राहायला सांगितलं. जतन झालं. मग काकांनीच सुचवलं की मुलगी ठेवण्याचा विषय पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब ठेवावा.

"तहकूब," ताई म्हणाल्या. "रद्द नाही. दर बैठकीला मी आपली दाखवत राहायचं. सर्कस."

"पण काम तर तुमच्याच हातात राहिलं."

"राहिलं गं. राहिलं हे खरंच."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला प्रकल्प मिळाला. परदेशातल्या ग्राहकाचं सपोर्टचं काम, त्यांच्या वेळेप्रमाणे. ठिपक्याला आता पिवळं व्हायला उसंतच नव्हती. ग्रंथालयात जाणं रविवारपुरतं उरलं, मग कधीतरी. ताईंनी मात्र तो विषय सोडला नाही. स्क्रीन रीडर बनवणारे जगभरचे स्वयंसेवक आहेत. बनवणाऱ्यांतही काही दृष्टिहीन. त्यांना ताईंनी स्वतः इंग्रजीत पत्र लिहिलं. काय दाबलं, काय ऐकू आलं, पट्टी कधी येते, कधी जाते. 'ब' सकट. त्यांनी उलट प्रश्न विचारले, ताईंनी उत्तरं दिली, मी एकदा जाऊन त्यांनी मागितलेली माहिती काढून दिली. शेवटी कळवलं गेलं की दोष सापडला आहे आणि पुढच्या आवृत्तीत तो नसेल.

ती आवृत्ती आली तेव्हा ताईंनी मला बोलावलं. मी बसवायला गेले, तर ती त्या जुन्या संगणकावर बसेचना. तिच्यासाठी नवा संगणक हवा होता, आणि नव्या संगणकावर तो जुना डेटाबेस चालत नव्हता. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. ताई शेजारी बसून होत्या. शेवटी मी हात मांडीवर ठेवले.

"नाही ना?"

"नाही, ताई."

मला वाटलं, त्या काहीतरी बोचरं बोलतील. मला तेव्हा ते हवंही होतं. पण त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाचं तरी चालेल ना आता? जगात कुठेतरी असेलच असा एखादा मूर्ख प्रोग्रॅम, आणि त्याच्यापुढे कुणीतरी बसलेली."

"असेल."

"मग ठीक." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. यवतमाळच्या एका बाईंना प्रवासवर्णनं हवी होती, वाचणारा शक्यतो तिकडच्या बोलीचा. ताईंनी त्यांची नोंद उघडली आणि माझ्याकडे तोंड वळवलं. "तुला आतल्या खोलीत एखादं पुस्तक वाचायला वेळ होईल का? नागपुरी लपवायची नाही पण."

माझी शिफ्ट सुरू व्हायला थोडाच अवधी होता. मी म्हटलं, पहिलं प्रकरण तरी होईल, आणि गोधड्या ठोकलेल्या त्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आत हवा अजिबात नव्हती. मी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले.